हळदीकुंकवाला आलेली बेफाना

मी आत बसले नाही, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते. पुढं गोष्ट लांबते, मध्ये इटली येते, मसूर येतो, एक लाल चड्डीही येते. तेवढ्यात कुणाचं तरी दूध उतू जायचं आणि शेवट वाचायचा राहायचा. म्हणून आधीच लिहिते, नाही बसले.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडं घरोघरी हळदीकुंकू चालतं. बायका नटून येतात, हॉलमध्ये बसतात, हळदकुंकू लावून घेतात, तिळगूळ खातात, वाण घेतात आणि एकमेकींच्या साड्यांकडं बघत नाही असं दाखवत बघतात. ज्या बाईचा नवरा गेलाय ती तेवढा वेळ आतल्या खोलीत बसते. तिला बस म्हणून कुणी सांगत नाही. लाडू तिनंच वळलेले असतात, वाणाच्या पिशव्या तिनंच भरलेल्या असतात. बेल वाजली की ती पदर सावरते, आत जाते, दार लोटून घेते आणि भिंतीपलीकडचं हसणं ऐकत बसते.

माझे मालक जाऊन तीन वर्षं झाली. त्यातल्या दोन संक्रांती मी अशी बसले. दुसऱ्या वर्षी तर इतका वेळ बसले की समोरच्या डब्यातल्या एकेका तिळाला नाव ठेवलं. नावं संपली तेव्हा कुठं बायका घरी गेल्या.

तिसऱ्या संक्रांतीच्या आधी मी इटलीला जाऊन आले. सगळा घोळ तिथं झाला.

माझी लेक बर्गामोला असते. जावई तिथं माग बनवायच्या कारखान्यात इंजिनियर आहे. सोलापूरचा पोरगा, पॉवरलूमच्या खडखडाटात जन्मलेला, त्याला शांत जागी झोप कशी लागणार? त्या दोघांनी डिसेंबरात मला बोलावून घेतलं. तिथली थंडी काय सांगू! आमच्या सोलापुरात थंडी म्हणजे पंखा एकवर. तिथं पहिल्या सकाळी माझे दात असे वाजायला लागले की जावई झोपेतून उठला, "सासूबाई, सुताचा ताण बघा, धागा तुटंल," असं काहीतरी बरळला आणि परत झोपला. त्याला वाटलं कारखान्यातच आहोत.

खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहायची. वय ब्याऐंशी, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, आवाज तहसील कचेरीतल्या शिपायासारखा. तिला मराठी येत नव्हतं, मला इटालियन येत नव्हतं, आणि आम्ही दोघी सकाळी दहापासून एकपर्यंत अखंड बोलायचो. लेक म्हणायची, "आई, तुम्हाला एकमेकींचं कळतं तरी काय?"

म्हटलं, "तुझ्या बाबांशी मी चाळीस वर्षं शुद्ध मराठीत बोलले. त्यांना काय कळलं?"

म्हातारीच्या स्वयंपाकघरात मी इटलीचा सगळा हिवाळा शिकले. तेरा डिसेंबरला तिथं एक संतीण गाढवावर बसून येते आणि पोरांना खेळणी देते. पोरं गाढवासाठी गवत ठेवतात. तिला चोरून बघायला गेलं तर डोळ्यांत राख फेकते म्हणे. मी बालवाडीत एकतीस वर्षं काढलेली बाई, म्हटलं ही युक्ती आधी कळली असती तर दुपारच्या झोपेच्या तासाला किती उपयोग झाला असता!

मग नाताळ. नाताळच्या आधल्या दिवशी त्यांच्यात मटण वर्ज्य. म्हणून मासे खातात. आपला उपास साबुदाण्याचा, त्यांचा माशांचा. मी मटण-मासे दोन्ही न खाणारी, मला म्हातारीनं पोलेंता घाटून दिला. मक्याचं जाडं पीठ तांब्याच्या कढईत तासभर घाटायचं, हात मोडेपर्यंत. आपल्या पिठल्याचं आणि उपम्याचं लग्न लावलं तर जे पोर होईल तसं ते लागतं. गुणी पोर, पण बोलत नाही काही. मी वरून सोलापूरची शेंगाचटणी घातली. मग बोलायला लागलं.

आणि तो पानेत्तोने! घुमटासारखा फुगलेला गोड पाव, आत बेदाणे, संत्र्याच्या साली, लोण्याचा वास असा की शेजारची मांजरं दाराशी रांग लावतात. भट्टीतून काढला की त्याच्या बुडात आरपार सळया खुपसायच्या आणि तो उलटा टांगायचा, गार होईस्तोवर. नाहीतर घुमट खाली बसतो. म्हातारीनं तो विणकामाच्या सुयांवर, दोन खुर्च्यांच्या मध्ये टांगला होता. मी आत शिरले आणि ओरडले, मला वाटलं एवढं मोठं वटवाघूळ घरात शिरलंय. दुसऱ्या दिवशी तिनं मला भलंमोठं कापून दिलं, मी ते चहात बुडवलं. म्हातारीनं छातीला हात लावला. जणू मी देवळात चप्पल घालून गेले. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, कुणी बघत नाही याची खात्री केली आणि आपलाही तुकडा बुडवला. आता निम्मं बर्गामो चहात बुडवून खातं, असं मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नका.

नाताळच्या दुपारी तिच्याकडं जेवण होतं. तिचा लेक, सुना, नातवंडं, माझी लेक, जावई. म्हातारी टेबलाच्या टोकाला, मुख्य जागी, लाल स्वेटर घालून. मी बसले तेवढ्यात तिच्या लेकानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि त्याचा चेहरा पडला. तेरा झालो होतो. तेराजण एका टेबलावर जेवले की वर्षभरात त्यातला एक जातो, अशी त्यांची समजूत. लेकीनं माझ्या कानात हे सांगितलं.

मी उठले. मला सवय होती ना! कुठंही काही अशुभ म्हटलं की मी ताट उचलायच्या तयारीत. स्वयंपाकघर कुठं आहे तेही माहीत होतं. दोन पावलं गेले नसेन, म्हातारीनं माझा पदर धरला. असा ओढला की मी खुर्चीवर आदळले. मग ती लेकावर जे काही ओरडली ते भाषांतर न करताही कळण्यासारखं होतं. लेक जिन्यानं वर पळाला आणि वरच्या मजल्यावरच्या एका माणसाला लोकरी टोपीसकट खाली घेऊन आला. तो बिचारा जेवून झोपला होता. त्याला पुन्हा पहिल्यापासून जेवावं लागलं. चौदा झाले. आकडा वाईट होता, तर त्यांनी माणूस वाढवला. कमी करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मी घास हातात धरून बराच वेळ तशीच बसले. जावयाला वाटलं मीठ जास्त झालंय.

नवीन वर्षाला त्यांच्यात मसूर खातात. मसुराचा दाणा नाण्यासारखा, म्हणून जितका खाल तितकी बरकत. मी तीन वाट्या खाल्ल्या. बरकत आली नाही, दुसरं बरंच काही आलं, ते लिहिण्यासारखं नाही. आणि त्या दिवशी अंगात लाल काहीतरी हवं, तेही आतून आणि दुसऱ्यानं दिलेलं. म्हातारीनं मला रिबन बांधून पुडकं दिलं. आत लाल चड्डी. तीन वर्षांत माझ्या अंगाला लाल रंग शिवला नव्हता. शेवटी शिवला तो असा शिवला की कुणाला दाखवायची सोय नाही.

सहा जानेवारीला बेफाना येते. तिथल्या सगळ्या सणांत माझं हिच्याशी जमलं. बेफाना म्हणजे एक म्हातारी. फाटके बूट, डोक्याला फडकं, पाठीवर पिशवी, हातात झाडू. घरोघरी पोरं मोजे टांगून तिची वाट बघतात. चांगल्या पोरांच्या मोज्यात खाऊ, वांडांच्या मोज्यात कोळसा. कोळसाही साखरेचाच असतो, काळा, जाळीदार, दाताखाली कुरकुरणारा.

तिची गोष्ट म्हातारीनं सांगितली आणि लेकीनं मराठीत आणली. देवाचं बाळ जन्मलं म्हणून तीन राजे त्याला भेटायला निघाले. वाटेत या बाईच्या घरी थांबले, जेवले, निघताना म्हणाले, चल आमच्याबरोबर. ती म्हणाली, नको, केर काढायचाय, भांडी पडलीत, तुम्ही व्हा पुढं. ते गेले. केर झाला, भांडी झाली, आणि मग बाईला अशी चुटपुट लागली की तिनं होता नव्हता तो खाऊ पिशवीत भरला आणि हातातल्या झाडूसकट धावत सुटली. राजे गाठ पडले नाहीत. बाळ सापडलं नाही. तेव्हापासून ती दरसाल प्रत्येक घरात शिरते. न जाणो, तेच बाळ असेल.

मी विचारलं, "पण तिची चूक काय झाली?"

लेकीनं विचारलं. म्हातारी मसुराची पातेली घासत होती. तिनं मान वरसुद्धा केली नाही. लेक म्हणाली, "ती म्हणतेय, आत केर काढत बसली, ही."

उगाच तिकडचं सगळं सोन्याचं म्हणून सांगणार नाही. काही गावांत त्याच सुमाराला बेफानाचा पुतळा करून जाळतात, हेही म्हातारीनंच सांगितलं आणि नाक उडवलं. म्हाताऱ्या बायकांचं काय करावं हे कुठल्याच मुलखाला नीट उमगलेलं नाही.

मी सोलापूरला परतले तेव्हा घरात माझ्या आधी वन्सं हजर होत्या. वन्सं म्हणजे मालकांच्या धाकट्या बहीण. अकलूजला दिल्या. दरसाल संक्रांतीला गड्ड्याची जत्रा बघायला येतात आणि जत्रेपेक्षा आमचंच घर जास्त बघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुनेच्या हातातून कामांची यादी घेतली. हळदीकुंकू रविवारी ठरलं होतं.

"वैनी, तुमी आत बसून पिशव्या द्याच्या फकस्त. म्हंजे कसं, सूनबाईला सारकं आत पळाय नको."

सून स्टुलावर बसून वाणाचे डबे पुसत होती. बँकेत कर्ज बुडवणाऱ्यांना घाम फोडते, पण आत्यांसमोर तिचा आवाज कमी होतो. ती पुसलेला डबा पुन्हा पुसायला लागली. माझ्या लेकाला त्याच क्षणी गाडीचं सर्व्हिसिंग आठवलं आणि तो चावी घेऊन गेला. घरात मताचा विषय निघाला की त्या गाडीत काहीतरी बिघडतंच.

मी म्हटलं, "वन्सं, इटलीत तेरा माणसं झाली की..."

आणि टेबलाची सगळी गोष्ट सांगितली. टोपीवाला माणूस, पुन्हा जेवण, सगळं. वन्संनी शांतपणे ऐकून घेतलं. सुपारी कातरली.

"तितलं तितं. हितं आपलं हितं. ते तेराला भ्यात्यात, आमी न्हाय भीत. आमी काय त्यास्नी हसतो का? तवा त्यांनी आमाला शिकवू नये. दादाला जाऊन लई वर्सं झाली का अजून?"

बोलून जिंकायचं तर वन्संशी नाही. त्या अकलूजच्या बाजारात भाजीवालीला रडवून वर कोथिंबीर फुकट आणतात.

शनिवारी मी कोळसा करायला घेतला. गुळाचा पाक कडक केला, त्यात काळ्या तिळाची पूड आणि मग खायचा सोडा. सोडा पडताच पाक असा फुगला की कढई सोडून वर निघाला. छताला लागला म्हणते मी. सून म्हणते ओट्यालाच सांडला. ज्याला जे दिसलं ते. पहिला घाणा करपला, खरोखरीच्या कोळशाच्या चवीचा झाला. तो मी टाकला नाही, वेगळ्या पुडीत बांधला. दुसरा मात्र असा साधला की बर्गामोची म्हातारी असती तर पदर नसतानाही डोळ्याला लावला असता. वर शेंगापोळ्यांचे तुकडे आणि तिळगूळ. सगळं येताना बॅगेत भरून आणलेल्या जावयाच्या जुन्या लोकरी मोज्यांत भरलं. मोजे धुतले होते, दोनदा.

रविवारी चारला, वन्सं साडी नेसायला गेल्या तेवढ्यात मी माझा अवतार केला. मालकांची कानटोपी, अंगावर घरातली सगळ्यात जुनी सोलापुरी चादर, पाठीला मोज्यांची पिशवी आणि हातात केरसुणी. मागच्या दारानं निघाले आणि तळमजल्यापासून सुरुवात केली. पोरांनी आरडाओरडा करून अख्खी बिल्डिंग गोळा केली. "आज्जीबाई, तुम्ही कोण झालात?" म्हटलं, "विमानानं झाडूवर बसून आलेय, तिकीट पण पडलं नाही." गोड पोरांना शेंगापोळी, वांडांना कोळसा. पोरं बेरकी, सगळ्यांनीच कोळसा मागितला. लिफ्टच्या बटणांवर च्युइंगम लावणाऱ्यालाही नाही म्हणता येईना.

तळमजल्यावरच टेलरिंगवाली राहते. चौतिशीची पोर, नवरा अपघातात गेला. आमच्या बिल्डिंगमधल्या यच्चयावत बायकांचे ब्लाऊज तिच्या हातचे. हळदीकुंकवाला बायका जे घालून मिरवतात ते सगळं तिनं रात्रंदिवस बसून शिवलेलं असतं, आणि हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नाही. मी तिच्या मशीनवर मोजा ठेवला आणि म्हटलं, "चल वर. आज आमच्याकडं आहे."

तिनं दाताखालचा दोरा तोडला. "काकू, तुमी गोष्टी लई सांगता. तुमी बसणार काय हॉलमध्ये?"

"बसणार की."

"मग आधी बसून दाखवा. मी इथनं बघते. माझ्या गिऱ्हाइकांचा प्रश्न हाय. तुमचं काय, तुमाला कोणी शिवायला टाकायचं बंद करणार न्हाय."

खरं होतं तिचं. मी केरसुणी काखेत मारली आणि जिना चढायला लागले.

वर आमचं दार बंद होतं, आतून बायकांचा कलकलाट. मी माझ्याच घराची बेल वाजवली. सूनबाईनं दार उघडलं आणि हातातलं अत्तरदाणीचं ताट कसंबसं सावरलं. "आई?"

"आई नाही. बेफाना. इटलीहून आले."

हॉलमध्ये अशी हास्याची लाट उठली की खालच्या रस्त्यावरची रिक्षा थांबली. मी एकेकीला मोजा दिला. बायका मोज्यांत हात घालून लहान पोरींसारख्या किंचाळत होत्या. वन्सं दिवाणावर मधोमध बसलेल्या. त्यांना मी वेगळी पुडी दिली, करपलेली. "हे काय?" "कोळसा. वांड पोरांना देतात." सगळ्या पुन्हा हसल्या. वन्सं हसल्या नाहीत.

मग मी कानटोपी काढली, चादर घडी करून बाजूला ठेवली आणि दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीत बसले. केरसुणी मांडीवर.

हसणं थांबायला किती वेळ लागावा? पंखा बंद केल्यावर तो फिरत फिरत थांबतो ना, तसं ते थांबलं. बायकांच्या लक्षात आलं की खेळ संपला तरी मी उठत नाहीये.

"झाली की गंमत," वन्सं म्हणाल्या. "आता आत चला, वैनी."

"आत काय आहे?"

"आत... कॉट हाय."

"ती मला झोपायला लागते. आता सहा वाजलेत."

"वैनी, सणासुदीला मांडीवर केरसुणी घिऊन बसलाय. काय लाज हाय का?"

"वन्सं," मी म्हटलं, आणि माझा आवाज बालवाडीतला झाला, जो पंचवीस पोरांच्या रडण्यावरून जायचा. "दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तुम्ही हिलाच हळदकुंकू वाहता की नाही? ही दारामागं उभी राहते. अख्ख्या घराची घाण काढते. झिजून झिजून नुसता बुंधा राहतो. हिला कुंकू चालतं. मग माझ्यात काय कमी आहे, काड्या?"

एका बाईला हसू आलं होतं, तिनं ते तिळगुळाबरोबर गिळलं.

सून करंडा घेऊन रांगेनं येत होती. पलीकडच्या खुर्चीतल्या बाईला लावून झालं, पुढची खुर्ची माझी. ती माझ्यासमोर उभी राहिली. हळदीचं बोट माझ्या कपाळाला टेकलं. मग ते बोट कुंकवाच्या वाटीत गेलं आणि तिथंच राहिलं.

"आई," ती ओठ न हलवता म्हणाली, "हळद लावली ना. एवढ्यावर राहू दे."

मला तिचा राग आला नाही, हे लिहून ठेवते. तिला उद्या याच बायकांबरोबर लिफ्टमधून जायचं होतं, याच घरात आत्यांना वाढायचं होतं. पण मी कपाळ मागं घेतलं नाही. म्हटलं, "अर्धं काम करू नकोस. तू बँकेत अर्ध्या फॉर्मवर सही घेतेस का?"

तिचं बोट बाहेर आलं. कुंकू भुवईच्या टोकाला लागलं, थोडं नाकावर सांडलं. आयुष्यात इतकं वाकडं कुंकू मला कुणी लावलं नव्हतं. लग्नातही नाही, आणि तेव्हा तर वीज गेली होती.

तिसऱ्या मजल्यावरची एक बाई उठली, पर्स उचलली आणि वाण न घेता गेली. दार जरा जोरात लागलं. बाकीच्या बसल्या. दोघी माझ्याकडं बघत होत्या, बाकीच्या डब्यांवरची नक्षी निरखत होत्या. वन्सं उठल्या आणि तरातरा आतल्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं. त्या दिवशी कुणीतरी आत बसायचंच होतं, त्या बसल्या.

बायका गेल्यावर मी त्यांना चांगला कोळसा आणि शेंगापोळी घेऊन गेले. भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. म्हणाल्या, "दादा असता तर काय म्हणला असता?" मी म्हटलं, "ते म्हणाले असते, माझा मोजा कुठाय?" त्या हसल्या नाहीत. पण करपलेल्या कोळशाची पुडी उशाशी रिकामी होती आणि त्यांची बोटं काळी होती. दुसऱ्या दिवशी त्या अकलूजला गेल्या, मला न सांगता. सून दोन दिवस माझ्याशी 'जेवायला वाढलंय' एवढंच बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, सोडा किती घातला होता त्यात?" मी माप सांगितलं.

पुढच्या आठवड्यात बिल्डिंगमधल्या चार घरांनी मला बोलावलं. बाकीच्यांनी नाही. चारही ठिकाणी मी पाच मिनिटं आधी गेले आणि सगळ्यात शेवटी निघाले. एका ठिकाणी यजमानीणबाईंनी लाजत लाजत आतल्या कॉटकडं बोट दाखवलं. मी त्या कॉटवर माझी पर्स नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन बसले.

रथसप्तमीच्या सकाळी दार वाजलं. टेलरिंगवाली.

"काकू, आज संध्याकाळी माझ्याकडं हाय. हॉल न्हाय, खुर्च्या न्हायत. मशीनचं स्टूल हाय एक. चालंल?"

"चालंल की. पण येणार कोण?"

"सगळ्या," ती म्हणाली. "लग्नाचे ब्लाऊज हायत सगळ्यांचे माझ्याकडं. फोन केले सकाळी. तयार झालेत, सहा वाजता हळदीकुंकवाला या, घेऊन जा म्हणले."

एकतीस वर्षं बालवाडीत असली हुशार पोर एकही हाती लागली नव्हती.

संध्याकाळी त्या एका खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सून माझ्याबरोबर आली, चटईवर बसली. मी स्टुलावर, मशीनला टेकून. सात वाजत आले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची ती, आमच्याकडून वाण न घेता गेलेली बाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या भाचीचं लग्न परवावर आलं होतं आणि तिचा मोरपंखी ब्लाऊज मशीनवर, माझ्या कोपराशी, घडी घालून ठेवलेला होता. ती हात पुढं करून म्हणाली, "जरा तेवढा देता का? घाई आहे."

टेलरिंगवालीनं ब्लाऊजला हात लावला नाही. करंडा उचलला, दारापाशी गेली आणि कुंकवात बोट बुडवलं.

"देते की, ताई," ती म्हणाली. "आधी कपाळ पुढं करा."